काजरवण्याहून आलेली ओटी

फाल्गुनातल्या त्या सकाळी शर्मिष्ठाबाई तुळशीला पाणी घालण्यासाठी घरापुढच्या खळ्यात उतरल्या, तेव्हा वृंदावनाच्या कट्ट्यावर एक सूप ठेवलेले त्यांच्या दृष्टीस पडले. सुपात नारळ होता, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या, हिरवा खण होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. सवाष्णीच्या ओटीचे साहित्य. बाईंचे हात आपोआप जुळले. मंगल वस्तूला वंदन करणे हा त्यांच्या देहाचाच धर्म होऊन गेला होता. हात खाली आल्यावर मात्र त्यांच्या मनात आले, की आपण नेमके कोणाला वंदन केले?

फाटकापाशी पाववाला सायकल टेकवून उभा होता.

"हे सूप तू ठेवलेस का रे?"

"मीच. पण माझा न्हय ता, बाई. तिठ्यावर एक गाडी थांबली हुती, तेतल्या माणसान दिल्यान. म्हणालो, काजरवण्याच्या सुनेची ओटी आसा, बाईंच्या तुळशीकडे ठेव. मी ठेवलंय. पाव किती दिव?"

"कोणाची सून?"

"ता माका काय ठावक! तुमच्या घराकडे आसा म्हणालो." आणि त्याने भोंगा वाजवला, जणू विषय संपला.

शर्मिष्ठाबाईंनी पाव घेतले नाहीत. सूप पदराआड धरून त्या घरात आल्या आणि त्यांनी आयुष्यात प्रथमच दिवसाउजेडी दाराला आतून आडणा घातला.

देवसडे हे समुद्राकाठचे देवळाचे गाव. तिथल्या शाळेत बाईंनी तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि यजमान निवर्तल्यावर रिकामे झालेले घर त्यांनी 'सोबत मंडळा'च्या कार्यासाठी मोकळे केले. हे मंडळ म्हणजे आसपासच्या गावांतल्या काही स्त्रियांनी परस्परांच्या विश्वासावर उभारलेली एक व्यवस्था. नवऱ्याच्या माराला कंटाळून कोणी बाहेर पडली, की मंडळातली एक तिला घेऊन येई, दुसरी तिला घरात ठेवून घेई, तिसरी दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीत तिच्यासोबत बसे. मंडळाचा नियम एकच आणि कडक होता. आलेल्या स्त्रीचे नाव आणि तिचे गाव उंबरठ्याबाहेर जाता कामा नये. शेजाऱ्याने विचारले, तर इतकेच सांगायचे, की माहेरवाशीण आली आहे; आणि कुठून आली, कुठे गेली असे विचारले, तर 'मला माहीत नाही'.

सध्याची माहेरवाशीण म्हणजे रसिका. वय तिशीच्या आतबाहेर. माहेर आरोंद्याकडचे, आईवडील उरलेले नाहीत. सासर डोंगराकडच्या काजरवण्याला, काजूच्या मोठ्या बागायतीत. एकदा तिने पोलिसांत तक्रार दिली होती. तेव्हा घराण्याच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून, गोड बोलून तिला परत नेले, आणि त्यानंतर तिच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. या खेपेस संरक्षण आदेशासाठीचा तिचा अर्ज न्यायालयात दाखल झालेला होता आणि येत्या गुरुवारी तालुक्याला तिचे म्हणणे नोंदले जाणार होते. वकीलबाईंनी तिला बजावले होते, "गुरुवारपर्यंत ती माणसं तुझ्यापर्यंत पोचता कामा नयेत. तू एकदा का पुन्हा त्या घरात गेलीस, तर तिथून हा अर्ज चालवायला कोण येणार?"

आणि आज शनिवारीच ती माणसे तुळशीपर्यंत पोचली होती.

बाईंनी सूप कोठीच्या खोलीत लपवले. पण रसिकेने ते पाहिले होते. ती दारात उभी राहिली, बांगड्यांवरचा कागद तिने एका बोटाने बाजूला केला आणि बोट मागे घेतले.

"माझ्याच मापाच्यो आसत," ती म्हणाली. "खण सासयेच्या पेटयेतलो. गेल्या येळाक माका परत न्हेल्यानी तेव्हा पण आधी ओटीच भरल्यानी हुती, मावशे. सगळ्या वाडयेतल्या बायल्यांक बोलवन. मगे बायल्यो गेल्यो, आणि दार लागला."

 बाई म्हणाल्या, "इथे दार मी लावले आहे. आतून."

 रसिका आडण्याकडे बघत राहिली.

मनुष्याच्या चित्तात संशय एकदा उतरला, की तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसत नाही. थेट माजघरात शिरतो आणि भांड्याकुंड्यांना हात लावू लागतो. रसिका या घरात आहे हे कोणाला ठाऊक होते? तिला काजरवण्याहून काढून आणणाऱ्या लक्ष्मीला. जिच्या रिक्षातून ती आली त्या गुरुदासाला. तिसऱ्या बाई स्वतः, आणि त्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते.

दुपारी गुरुदास नारळ पोचवायला आला, तेव्हा बाईंनी त्याला ओसरीवर बसवून सरबत दिले. सरबत पाहूनच तो सावध झाला.

"बाई, शाळेत तुम्ही माका सरबत कधी दिलास नाय. आज काय माझा चुकला?"

"रिक्षातून कोणाला कुठे सोडलेस, हे तू तिठ्यावर कोणाला बोललास का?"

"रिक्षात बसला की माणूस नाय ता, भाडा. भाड्याक नाव नसता, गाव नसता." त्याने सरबत एका घोटात संपवले. पेला खाली ठेवताना आवाज उतरवून तो म्हणाला, "माका इचारतास, ता बरा. पण लक्ष्मीचो भाव काजरवण्याच्या काजी कारखान्यात आसा, ह्या तुमका म्हायत आसतलाच."

बाईंना माहीत होते. पण माहीत असणे आणि आठवणे यांत अंतर असते. आता त्यांना आठवले. लक्ष्मी येते तेव्हा फोन पालथा ठेवते. फोन वाजला की मागीलदारी जाते. परवा रसिकेला तिने सासरच्या घराच्या वाटा विचारल्या होत्या, कशासाठी? एकेक निरागस गोष्ट उठून उभी राहिली आणि तिच्या पाठीमागे सावली दिसू लागली. गुरुदास गेल्यावर बाईंना हेही वाटले, की त्याने इतक्या तत्परतेने दुसरीचे नाव घ्यावे, याचा तरी अर्थ काय?

लक्ष्मी संध्याकाळी आली. चाळिशीची, ठेंगणी, डाव्या कानामागे जुन्या जखमेचा पांढरा वण असलेली. ती स्वतः नऊ वर्षांपूर्वी याच घरात माहेरवाशीण म्हणून राहून गेली होती आणि मग मंडळाच्या कामाला लागली होती. बाईंनी तिला स्वयंपाकघरात नेले नाही. ओसरीवरच उभे ठेवले.

"तुझा भाऊ काजरवण्याला आहे ना?"

"आसा. म्हणान काय?"

"त्याच्याशी तुझे फोनवर बोलणे होते."

"भावाशी बोलूचा नाय तर कोणाशी? घोवाशी?" ती हसली. मग तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले. "बाई, काय म्हणूचा आसा ता सरळ म्हणा. शाळेत पण तुम्ही पोराक आधी बाकावर उभा करीत हुतास आणि चूक मागाहून सांगीत हुतास."

बाईंनी ओटीची हकीकत सांगितली. ठावठिकाणा जाणणारी माणसे किती, हेही सांगितले. शेवटचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. ते दोघींच्या मध्ये आपोआप येऊन उभे राहिले.

"आणि तेतूर लबाड मियाच," लक्ष्मी म्हणाली.

"मी तसे म्हटले नाही."

"म्हणूक नाय. तितक्या शिकलेल्या आसास तुम्ही." तिने कनवटीची मंडळाच्या कपाटाची किल्ली सोडली. "ह्याच पडवेत मी निजलेलंय. माझो घोव रातचो फाटकाकडे येवन बोंब मारी हुतो, आणि तुम्ही दार उघडूक नाय. ता मी इसरूक नाय. तुम्ही इसरलास."

किल्ली तिने उंबऱ्यावर ठेवली आणि ती निघून गेली. बाई म्हणाल्या, "गुरुवारी रसिकेबरोबर मी स्वतः जाईन." पण तोवर ऐकायला ओसरीवर कोणी नव्हते.

घरात मात्र ऐकणारे होते. रसिका दाराआड उभी होती. रात्रीचे जेवण वाढले, तेव्हा तिने आधी बाईंच्या ताटाकडे पाहिले, बाईंनी पहिला घास घेईपर्यंत ती थांबली आणि मगच तिने हात पुढे केला. बाईंना ते कळले. कळूनही, दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून तो प्रश्न निसटलाच, "रसिका, तू तर घरी फोन केला नाहीस ना? कधी मन हळवे होते, माणूस चुकतो..."

"माझो फोन पयल्या दिवसापासून तुमच्या कपाटात आसा, मावशे," रसिका म्हणाली. "चावी तुमच्या कमरेक."

सोमवार उजाडला. शर्मिष्ठाबाई स्नान करून, सोवळ्याचे पातळ नेसून, नारळ आणि अबोलीची वेणी घेऊन रवळनाथाच्या देवळात गेल्या. हा त्यांचा जन्माचा नेम. मनाला काट्यासारखी लागलेली गोष्ट देवापुढे ठेवावी आणि हलके व्हावे, अशी या भूमीची रीत आहे. तिलाच इथे गाऱ्हाणे म्हणतात. गुरवाने नारळ हाती घेऊन उच्च स्वरात देवाला हाक घालायची, कोणाचे दुःख आहे ते नावागावासह सांगायचे, आणि मंडपात असतील नसतील तेवढ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला आपला दुजोरा द्यायचा. एकाचे मागणे अशा रीतीने सगळ्यांचे होते.

महादू गुरव गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर निर्माल्य वेगळे करीत बसला होता. पन्नाशीचा, बाईंचाच विद्यार्थी. शब्दरूपे कधी पाठ न झालेला, पण त्याचा आवाज समुद्राच्या गाजेवरूनही ऐकू जाई.

"महादू, गाऱ्हाणे घालायचे आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या आश्रयाला आलेल्या एका लेकीचा विश्वासघात झाला आहे. ज्याने कोणी फितुरी केली, त्याचे तोंड देवाने चारचौघांत उघडे पाडावे, असे माग."

महादूने नारळाला हात लावला नाही. त्याने धोतराला हात पुसले, मंडपात कोणी नाही हे पाहिले आणि तो अगदी हळू बोलला.

"गाऱ्हाणा मी घालीन, बाई. पण देवान ऐकल्यान तर?"

"ऐकले तर उत्तमच."

"तर मगे तोंड तुमचाच उघडा पडतला."

बाईंना हा उद्धटपणा वाटला. पण महादूच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. केवळ संकट होते.

"गेल्या सोमवारी तुम्ही हयसरच उभ्या हुत्यास," तो म्हणाला. "माका सांगितलास, काजरवण्याच्या बागाईतकारांची सून रसिका सध्या माझ्या घराकडे आसा, तिका सांभाळ म्हणान देवाक सांग. मी सांगितलंय. गाऱ्हाणा काय कानात घालतत? देवाक ऐकू जावक व्हया म्हणान घसो ताणून सांगितलंय. मंडपात धा-बारा माणसा हुती. एक काजीचो व्यापारी हुतो, काजरवण्याचोच. पाच नारळ घेवन इल्लो. सगळ्यांबरोबर तो पण मोठ्यान म्हणालो, 'व्हय म्हाराजा.'"

बाईंनी पुढे केलेला नारळ मागे घेतला.

"तू मला तेव्हाच का थांबवले नाहीस?"

"माका काय ठावक ती लपवलेली आसा! आणि नाव-गाव सांगल्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होता काय? तुम्हीच सांगा."

होत नाही. हे त्यांनाही ठाऊक होते. मनुष्यापाशी त्यांनी अक्षर काढले नव्हते. शेजारणीने चारदा विचारूनही नाही. पण देवाला सांगणे हे सांगणे असते, असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. साठ वर्षे त्या या मंडपात आपले अंतःकरण मोठ्याने बोलत आल्या होत्या आणि मंडपाला चार बाजूंनी कान आहेत हे त्यांनी कधी ध्यानातच घेतले नव्हते. लक्ष्मीने उंबऱ्यावर ठेवलेली किल्ली त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"आणखी एक आसा," महादू खाली बघत म्हणाला. "काजरवण्याची माणसा उद्या सकाळी येतत. घोव, तेचो काको आणि आणखी दोघे. आमच्या मानकऱ्यांक भेटून गेले. कौल लावून घेवचो म्हणतत. सून घराक जावची काय नाय, ता म्हाराज सांगतलो. म्हाराजान हुकूम दिल्यावर कोर्टाचा काय काम, असा तेंचा म्हणणा. मानकरी व्हय म्हणालेत. मी काय करू?"

बाई देवळातून निघाल्या त्या घरी गेल्या नाहीत. खाडीकाठच्या खाजणाच्या कडेला लक्ष्मीची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा होती. ती पायरीवर बसून काजूच्या बोंडांच्या बिया पिरगळून काढत होती. हाताला रस लागू नये म्हणून बोटांना राख फासलेली. बाईंना पाहून ती उठली नाही. बाईही बसल्या नाहीत. शाळेत चुकलेल्या मुलाने सांगावे तसे त्यांनी उभ्याउभ्या सगळे सांगितले. काही वगळले नाही, काही सावरून घेतले नाही.

लक्ष्मीने आणखी एक बी पिरगळून टोपलीत टाकली.

"म्हणजे फितूर रवळनाथ," ती म्हणाली.

"थट्टा करू नकोस, लक्ष्मी. मी तुझी अपराधी आहे."

"माफी मगे घेतंय, बाई. ती काय सुकत नाय. ते उद्या कितक्या वाजता येतले?"

तिने फोन काढला. तो उताणा, बाईंना दिसेल असा धरला आणि संरक्षण अधिकाऱ्यांना लावला. त्या बोलण्यातून एवढे निष्पन्न झाले, की अधिकारीबाई उद्या पोलीस घेऊन निघतील, पण त्यांना पोचायला दुपार होईल. पोलीस पाटलांना लक्ष्मीने स्वतः गाठायचे ठरवले. "रसिकेक आत्ताच दुसऱ्या घराकडे हलवया," ती म्हणाली. मग थबकली. "पण ता तिका इचारूक व्हया. तुमका नाय, माकाही नाय."

रसिकेला बाईंनीच सांगितले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, मोडून जडलेले मनगट दुसऱ्या हाताने धरून. सगळे ऐकून झाल्यावर ती रागावेल, रडेल, या अपेक्षेने बाई मान खाली घालून राहिल्या. रसिकेने फक्त विचारले,

"देवाक माझो पत्तो ठावक नसतलो काय, मावशे?"

 तीस वर्षांच्या अध्यापनात हा प्रश्न शर्मिष्ठाबाईंना कोणी विचारला नव्हता.

"आज मी पळालंय तर उद्या कौल माझ्या पाठी लागतलो," रसिका लक्ष्मीला म्हणाली. "म्हाराजान उजवो दिल्यान म्हणान गावभर सांगतले. खंयच्याच गावात माका थारो मिळाचो नाय. उद्या मी येतंय. तू माझ्या बाजूक उभी रव."

त्या रात्री शर्मिष्ठाबाईंना झोप लागली नाही. आणि जो संशय इतके दिवस माणसांच्या मागे फिरत होता, तो गाभाऱ्याच्या पायऱ्या चढू लागला. कौल लावण्याची रीत त्यांनी असंख्य वेळा पाहिली होती. गुरव देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि पडेल ती बाजू हे उत्तर मानले जाते. उजवी पडली की होकार. पण पाकळी किती ओली करायची, हे कोण ठरवते? महादूची बोटे. मानकऱ्यांनी महादूला काय सांगितले असेल? आणि महादू निर्मळ असला, पाकळी खरोखर देवाच्या इच्छेने उजवीकडून पडली, तर? तर आपण काय करणार आहोत? या शेवटच्या प्रश्नाशी येऊन त्या पुन्हापुन्हा परत फिरत होत्या.

सकाळी मंडप भरला. बातमीला पाय फुटलेच होते. मितेश, म्हणजे रसिकेचा नवरा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, त्याने वडीलधाऱ्यांच्या पाया पडून, शर्मिष्ठाबाईंच्याही पाया पडायला वाकून, नम्रतेचा असा काही नमुना दाखवला की दोनचार बायका आपसांत म्हणाल्या, "ह्यो मारता? गाय कशी दिसता ओ!" बाईंनी पाय मागे घेतले. लक्ष्मी आणि पोलीस पाटील रसिकेच्या दोन बाजूंना उभे होते. गुरुदासाने रिक्षा देवळाच्या पायऱ्यांशी, तोंड रस्त्याकडे करून लावली होती, आणि आत येण्याऐवजी तो तिथेच बसून राहिला होता.

मितेशच्या काकाने पुढे येऊन नारळ ठेवला. "आधी गाऱ्हाणा," तो म्हणाला.

महादूने नारळ उचलला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज काजरवण्याची ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला.

"घोव-बायलेत काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"रुसान इली सून सुखान परत घराक धाड, तेंचो संसार पयल्यासारखो कर रे म्हाराजा!"

शर्मिष्ठाबाईंच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. बालपणापासून तो श्वासासारखा येई. विचार करावा लागत नसे. पयल्यासारखो. त्यांची दृष्टी रसिकेच्या मनगटावर गेली, आणि त्यांनी दात घट्ट मिटले. त्या पुढच्या रांगेत, सर्वांना दिसतील अशा उभ्या होत्या. मंडपातल्या निम्म्या माणसांनी त्यांच्याच तोंडाकडे बघून बाराखडी गिरवली होती. बाईंचे तोंड मिटलेले त्यांना दिसले. मागून काही आवाज उठले, पण ते सुटेसुटे होते, कडेकडेने आले आणि मध्येच विरून गेले. काकाने मान वळवून पाहिले, कोण गप्प आहे ते.

महादूने तबकातल्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या.  बाईंनी आयुष्यात प्रथमच देवाकडे न पाहता गुरवाच्या बोटांकडे पाहिले. बोटे थांबली. महादू वळला, आणि मितेशकडे नव्हे, रसिकेकडे पाहून म्हणाला,

"जेचा घर सुटला तेणीच इचारूचा लागता. ही रीत आसा. बाय, बोल. काय इचारू म्हाराजाक?"

"आम्ही इचारतो मगे!" काका ओरडला. "तिका कित्याक?"

"ओ, थंय सून म्हणान राहूक तुमका जावचा आसा काय?" मागून एक म्हातारी म्हणाली, आणि दबलेला हशा फुटला.

रसिका एक पाऊल पुढे आली. तिने देवाला नमस्कार केला. सावकाश, डावे मनगट उजव्या हाताने उचलून तळव्याला तळवा लावीत. मग ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण तो मंडप असा बांधलेला होता, की तिथे हळू बोललेलेही लपत नाही.

"माका काय इचारूचा नाय. जावचा नाय, ह्या माका म्हायत आसा. जा म्हायत आसा ता देवाक कित्याक इचारू? तेका त्रास कित्याक?"

महादूने डोळे मिटले. मग त्याने ओल्या पाकळ्या तबकात परत ठेवल्या.

"प्रश्न नाय," तो मानकऱ्यांना म्हणाला. "प्रश्न नाय तर कौल नाय. परक्याच्या प्रश्नाक माझो म्हाराज बोलणा नाय."

मानकऱ्यांतला थोरला काही बोलू पाहत होता, परंतु मितेश त्याच्याआधी रसिकेजवळ सरकला. चेहऱ्यावरचे हसू न ढळू देता, ओठ न हलवता तो पुटपुटला, "घराक चल. मगे बघतंय तुका." त्याच्या घरच्या भिंती हे बोलणे पोटात ठेवीत असतील. इथल्या खांबांनी ते मागच्या रांगेपर्यंत पोचवले. पोलीस पाटलांनी त्याच्या दंडाला धरले. थोरले मानकरी उपरणे झटकून म्हणाले, "चला, झाला," आणि ज्या दाराने काजरवण्याची माणसे आली होती त्या दाराकडे त्यांनी हात केला. मघा मितेशला गाय म्हणणाऱ्या बायका आता दुसरीकडे पाहत होत्या.

संरक्षण अधिकारी दुपारी पोलिसांसह आल्या, त्यांनी जबाब घेतले, आणि मग त्या लक्ष्मीशी आणि रसिकेशी घराच्या मागीलदारी बराच वेळ बोलल्या. शर्मिष्ठाबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा तिघी बोलायच्या थांबल्या. बाईंनी कप खाली ठेवले आणि त्या आत आल्या.

थोड्या वेळाने रसिका पिशवी घेऊन ओसरीवर आली. फोन बाईंनी कपाटातून काढून तिच्या हाती दिला. कोठीतले सूप मागे राहिले होते. त्याकडे कोणी पाहिले नाही.

"गुरुवारी लक्ष्मी येतली माझ्यावांगडा," रसिका म्हणाली. "येतंय, बाई."

मावशी नव्हे, बाई. शर्मिष्ठाबाईंनी ते ऐकले आणि मान हलवली. त्यांच्या ओठांवर प्रश्न आला होता, तो लक्ष्मीने आधीच ओळखला.

"खंय ता इचारू नका, बाई."

"नाही विचारत," त्या म्हणाल्या. उंबऱ्यावरून उचलून ठेवलेली ती किल्ली त्यांनी लक्ष्मीपुढे धरली. लक्ष्मीने ती क्षणभर न्याहाळली, घेतली, आणि कनवटीला न लावता पिशवीत टाकली.

रिक्षा सुरू झाली. या घरापासून तिठा दिसतो. तिथून एक रस्ता मालवणकडे जातो, एक डोंगराकडे, एक किनाऱ्याने. रिक्षा तिठ्याला पोचण्यापूर्वीच शर्मिष्ठाबाई पाठ फिरवून घरात आल्या आणि गाजेत तिचा आवाज मिसळून जाईपर्यंत माजघरात उभ्या राहिल्या.

परड्यापलीकडून शेजारणीने हाक दिली. "ओ बाई! माहेरवाशीण गेली काय? खंय गेली ओ?"

"मला माहीत नाही," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

शेजारणीने विश्वास न बसल्यासारखे डोके हलवले. बाईंनी तिला समजावण्याचा यत्न केला नाही. इतक्या वर्षांत हे उत्तर त्यांनी प्रथमच खरे दिले होते.